मधली रेघ

आमच्या आयोवात तेव्हा मुलींचा बास्केटबॉल
सहा-सहा जणींचा असायचा.
तिघी टाकणाऱ्या, तिघी अडवणाऱ्या,
आणि मधोमध एक रेघ,
जी कुणीच ओलांडायची नाही.

लव्हॉन टीगलंड अडवणारी.
चार वर्षं रेघेपर्यंत धावली,
बुटांची टोकं तिला टेकवून थांबली,
आणि पलीकडचा खेळ
शेजारच्या घरातलं लग्न बघावं तसा
कमरेवर हात ठेवून बघत राहिली.
तिला कुणी पाडलं तरी फ्री थ्रो
पलीकडची मुलगी घ्यायची.
चार वर्षांत तिच्या नावावर गुण: शून्य.

मला ठाऊक, कारण गुणवही माझ्याकडे.
दिवसा मक्याच्या कोठारावर वजनकाटा,
रात्री जिममध्ये पेन्सिल.
दोन्हीकडे हात चोख, असं गाव म्हणायचं.

कॉलेजात पाच जणींचा खेळ.
रेघ तिथंही होती, पण नुसती रंगाची.
पहिल्याच सामन्यात तिनं चेंडू हिसकावला,
समोर रान मोकळं,
आणि रेघेपाशी येऊन
ती थांबली.
लोक हसले. तिचा बाप आर्विड हसला नाही.
परतताना गाडीत एवढंच बोलला,
कुंपणाचा झटका एकदा बसलेली गाय
वीज तोडली तरी तिथंच उभी राहते.
पुढचे साठ मैल कुणी बोललं नाही.

मग ती शिकली ओलांडायला.
दोन हंगाम बरे गेले. तिसऱ्यात गुडघा गेला,
आणि ती गावी परतली
शाळेची कोच म्हणून, गळ्यात शिट्टी,
त्याच सहा जणींच्या खेळात,
त्याच रेघेशी.
सोळा वर्षं पोरींना ओरडून सांगितलं,
पाय मागे! पाय मागे!

त्र्याण्णव साली तो खेळच मोडीत निघाला.
नव्या हंगामाच्या पहिल्या दिवशी
तिनं चेंडूंच्या कपाटाला कुलूप घातलं.
पोरींना म्हणाली, चाला.
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पुन्हा. पुन्हा.
पोरी कंटाळल्या, खिदळल्या,
एकीनं विचारलं, कोच, हे कशासाठी?
उत्तर दिलं नाही.
बाहेर कणसं वाळवणारे पंखे घरघरत होते,
ती रेघेवर उभी राहून
प्रत्येकीचे पाय मोजत होती.

राज्याच्या स्पर्धेला एकदाच पोचलो. एका गुणानं हरलो.
त्याबद्दल ती आजही बोलत नाही, म्हणून मीही नाही.

निवृत्त झाली त्या हिवाळ्यात माझ्याकडे आली,
जुन्या वह्या मागितल्या,
स्वयंपाकघरात बसून पानन् पान चाळलं.
म्हणाली, मर्ल, ह्यात मी कुठंच नाही.
मी म्हटलं, समोरच्यांची पानं वाच.
तुझ्या वाट्याला आलेल्या पोरी बघ:
दोन. चार. शून्य. तीन. दोन.

कॉफी निवेपर्यंत ती वाचत होती.
मग एका ओळीवर बोट थांबलं.
बेल्टनची बारा नंबर, ती डावखुरी.
तिनं माझ्यावर बावीस केले होते.
तू अठरा लिहिलेत.
आणि चार ह्या पंधरा नंबरला,
जी मार्लिसच्या अंगावर होती.

पेन्सिल होती, मी म्हणालो.

तिनं वही मिटली नाही.
माझ्याकडे बघत हात पुढे केला,
खोडरबर मागितला.