काळीची जाळी

फोटो मोबाईलमधला, भर दुपारी मोहाखाली काढलेला.
पार्बताबाई नन्नावरे, बचत गट, भिवापूर.
हातात सुपाभर मिरची, आणि पापण्यांवर तिखटाची धूळ,
जी फोटोवरची घाण समजून
मी आधी पुसायलाच निघालो होतो.

मांजरपाटाच्या पाचशे पिशव्या. चार रंग. पिशवीमागे अकरा रुपये.

आधी तिला वेगळं करायचं.
पिवळी एका कागदावर, किरमिजी दुसऱ्यावर,
निळी तिसऱ्यावर, काळी शेवटी.
कागदावर मात्र चौघीही काळ्याच निघतात,
नुसते ठिपके, कुठे मोहरीएवढे, कुठे खसखशीएवढे.
कोण कोणती ते कोपऱ्यात पेनाने लिहावं लागतं.
एकदा विसरलो
आणि एक सरपंच हिरवा छापून झाला.

मग कागदाला तेल चोळायचं, ऊन आरपार जावं म्हणून.
जवसाचं नको, वाळलं की चिकटतं.
शिलाई मशीनचं घ्यायचं,
कापसाच्या बोळ्याने, पाठीमागून.

उस्ताद डोमाजी सांगायचे,
ठिपक्यांची तासं एकाच दिशेने पेरू नको बाप्पा,
कापडावर भोवरे उठतात,
धावत्या एसटीतून तुरीचं वावर फिरताना दिसतं ना, तसे.
म्हणून काळीला पंचेचाळीस, किरमिजीला पंच्याहत्तर, निळीला पंधरा.
पिवळीला नव्वद.
ती कशीही उभी राहिली तरी कोणाच्या नजरेत भरत नाही.

तेवढ्यात गटाच्या अध्यक्षीणबाईंच्या भाच्याचा फोन:
"दादा, बाईले थोडी गोरी करा ना.
माल पुण्याले जाते."

सोपं आहे ते.
निळीचे ठिपके बारीक करायचे, काळीचे त्याहून बारीक,
गालावर बोटभर कापड उघडं सोडलं की झालं.
नवरदेवांसाठी केलंय मी हे. एका हेडमास्तरसाठीसुद्धा.

काळी बाजूला ठेवली
आणि तिघींचाच एक हात मारून पाहिला.
कापडावर कोणीतरी बाई उतरली,
पिकल्या कोहळ्यासारखी तुकतुकीत,
डोळ्यांच्या जागी दोन भुरकट डाग.
मिरची मात्र झकास आली होती.

फाल्गुनातलं ऊन.
काळीचा कागद जशाचा तसा काचेखाली ठेवला, खाली लेप दिलेली जाळी.
घड्याळ बंद आहे, मी एकोणिसाचा पाढा म्हणतो.
पौषात तीनदा लागतो, आता दोनदा पुरे,
तोही दुसऱ्यांदा घाईने.
मग पळत नळाखाली.
पाणी आधी काहीच सांगत नाही.
जिथे ऊन पोचलं तिथला लेप घट्ट धरून बसतो,
जिथे पोचलं नाही
तिथेच जाळी उघडते:
कपाळावरची आठी, मग दुसरी,
मग डोळ्याखालचा खड्डा, ओठांची शिवण,
आणि पापण्यांवरचे ते बारीक कण,
सगळे नाही, पण बरेच.

संध्याकाळी ती स्वतःच आली, हिशेब विचारायला.
चारही कागद दाराच्या काचेला चिकटवलेले.
पदराने घाम पुसत तिने एकेकीकडे पाहिलं
आणि काळीवर बोट ठेवलं.
"हे मी हाय. ह्या तिघी कोन जी?"
म्हटलं, त्याही तुम्हीच.
"असतीन," ती म्हणाली.
मग जरा थांबून,
"काळ्या रंगाचे पैसे अलग लागतात का?"
नाही म्हटलं.
"मंग राहू दे पुरा."

भाच्याला काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी छापताना एका पिशवीवर
किरमिजी सुतळीभर सरकली,
नाकातल्या लवंगेचा लाल खडा गालावर आला.
मी ती पुसण्याच्या फडक्यांत टाकत होतो,
तिने हातातून ओढून घेतली.
"फेकतं काहून? दळनाले होईल."

चारशे नव्याण्णव दोरीवर वाळत होत्या.
वारा आला की सगळ्या एकदमच
भिंतीकडे तोंड फिरवत.
ती पाचशेवी खाकेत मारून
चक्कीच्या रस्त्याला लागली.