सव्वा मूठ

मिरच्यांची देठं खुडून आलेले हात
तीनदा धुतले, राखेनं, मग ताकानं,
तरी जळजळ राहिलीच.
या हातांनी कानबाईचे गहू कसे मोजू?
झेलाबाई म्हणाली, मोज. बोलू नको.

घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ.
सुरतेला गेलेल्या हिरामणचीही मोजली,
तो येवो न येवो.

धुळ्याच्या दवाखान्यात
पोराच्या डोळ्यांवर पट्टी होती तेव्हा
घाईत बोलून गेले होते: चांदीचे डोळे वाहीन.
तीन श्रावण गेले.
मागणं मात्र दरसाल लांबत गेलं,
आणि कानबाई नारळाच्या डोळ्यांनी
बघत राहिली.

आजही तोंड उघडलं, तर झेलाबाई:
"आधी आयक, मंग बोल."

ऐकलं.
जात्यात दाणे फुटत होते.
बाहेर कुणाची तरी म्हैस.
चौरंगाशी पोरगं
उदबत्तीच्या पुड्यावरची बारीक अक्षरं
अडखळत, मोठ्यानं वाचत होतं.

कनवटीची पुडी सोडली.
नंदुरबारच्या खळ्यावर देठादेठानं जमवलेले
नखाएवढे दोन डोळे.
सोनार म्हणाला होता, फार हलके आहेत.
किती वजनाचे, ते मी
बोललेच नव्हते.

काही मागितलं नाही.
हात अजून जळत होते.