दीड तास पुढे

रुवीतून निघालो तेव्हा दहा वाजून गेले होते.
पिकअप माझी नव्हे, कंपनीची. मागे हौद्यात
एसीचे दोन मेलेले कॉम्प्रेसर
वळणावळणाला एकमेकांवर आपटत होते.
शमशू बाजूला. काच खाली. जूनची हवा
भट्टीचं दार उघडावं तशी तोंडावर येत होती,
तरी तो काच वर घेईना, आणि मीही म्हटलं नाही.

काय बोलायचं असतं अशा वेळी?
मी टायरमधल्या हवेबद्दल बोललो.
खोलीचं भाडं पाच रियालनी वाढलं त्याबद्दल बोललो.
तो "हं" म्हणाला. पुन्हा एकदा "हं".
मग मी गप्प बसलो.

मत्रहच्या अलीकडे निखाऱ्यांवर मिश्काक भाजत होते,
एक म्हातारा पुठ्ठ्याने वारा घालत होता.
दहा काड्या घेतल्या. त्याने एक खाल्ली,
आठ मी, उरलेली एका लंगड्या मांजरीने.
दुपारी तो व्हिडिओ आल्यापासून हा उपाशी,
पण "खा रे" म्हणून पाठीवर हात फिरवणं
मला येत नाही. मी फक्त
चिंचेच्या चटणीची वाटी
त्याच्या बाजूला सरकवत राहिलो.

समुद्राच्या कठड्यावर बसलो. पाणी जड, तेलासारखं.
"तिकडे एक वाजला असेल," तो म्हणाला,
मनगटावर बघून.
सहा वर्षं झाली, त्याचं घड्याळ
दाभोळच्याच वेळेवर आहे.
इथल्या ड्युटीला तो रोज
दीड तास वजा करून जातो.
तिकडे ती चहा ठेवते तेव्हा तो वाजलेले बघायचा,
ती धोपाव्याच्या फेरीबोटीत चढते तेव्हा,
ती दिवा मालवते तेव्हा.
आज दिवा कुणी मालवला असेल
हे दोघांच्याही मनात आलं. कुणीच बोललं नाही.

बऱ्याच वेळाने म्हणाला,
"मेहर किती बांधला असेल रे?"
"एकावन्न हजार."

शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं.
त्यालाही कळलं.

"कधीपासून ठाऊक होतं?"
"तीन आठवडे. भावाचा फोन आला होता.
तुझा ओव्हरटाइम चालू होता, म्हटलं..."
म्हटलं काय, ते मलाच पुढे सुचेना.

तो उठला आणि चालायला लागला रियामकडे.
मी गाडी काढली, आणि त्याच्या मागून
बैलगाडीच्या चालीने, इंडिकेटर लावून.
मागचे हॉर्न मारत होते. एकाने काच खाली करून
अरबीत बरंच काही ऐकवलं.
मी हात वर केला, माफ कर भाऊ,
माझा माणूस पुढे चाललाय.
किती वेळ, सांगता येणार नाही.
कॉम्प्रेसर तेवढे आपटत होते,
हळू, एखाद्याने दार वाजवावं तसे.

शेवटी थांबला तो. दार उघडून आत बसला.
"एसी लाव," म्हणाला.
म्हटलं, "चालत नाही."
"मग दुरुस्त का करत नाहीस?"
"मेकॅनिक तू आहेस."
हसला नाही. पण काच
स्वतःच्या हाताने अर्धी वर घेतली.

फजरच्या अजानला मशिदीपाशी उतरला,
वजू करायच्या आधी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.
बाहेर चपलांच्या रांगेजवळ मी उभा,
काय मनात आलं, चावी ओढून बघितली.
निघेना. सहा वर्षांचा घाम आणि खार आत बसलेला.
नखाने बघितलं, गाडीच्या किल्लीने,
मग दातांनीही. नाही म्हणजे नाही.

तो आला, बाह्या ओल्या, डोळे लाल.
माझ्या तोंडातलं घड्याळ बघितलं,
काही विचारलं नाही. मनगट पुढे केलं.
मी पट्टा बांधून दिला, त्याच जुन्या भोकात.

खाली मच्छीमारांच्या होड्या परतत होत्या.
"किती वाजले?" त्याने विचारलं,
घड्याळ त्याच्याच हातात असताना.
मी वाकून काटे बघितले. पावणेसहा.
मनातल्या मनात वजा केलं,
बोटांवर, चुकू नये म्हणून,
आणि सांगितलं,
"सव्वाचार."