मीटर क्रमांक ६१२२२००३२

ग्युमरीत, रुळांपलीकडच्या वस्तीत,
भूकंपानंतर 'दोन वर्षांपुरती' म्हणून ठेवलेली पत्र्याची घरं
माझ्याहून म्हातारी दिसतात.
शेवटच्या घराचा गॅस मी वाचतो.
म्हणजे मीटर. गॅस कुणाला वाचता येतो?

हायकानुशबाई पातेल्यावरून नजर न काढता म्हणाल्या,
'वाघार्श जान, बदलतो तो आकडा लिहून नेतोस.
बदलत नाही तो कधी बघितलास?'

पितळी पट्टी. अंगठ्यानं काजळी पुसली.
सहा एक दोन दोन दोन शून्य शून्य तीन दोन.
'बेरीज?'
अठरा.
'आता अठराला अठरानं गुणत जा. मी थांब म्हणेपर्यंत.'

बिलाच्या पाठीवर, हातमोजा दातांत धरून:
तीनशे चोवीस. अंकांची बेरीज नऊ.
पाच हजार आठशे बत्तीस. पाच, आठ, तीन, दोन –
अठरा!
'येऊन गेला एकदा घरी,' बाई म्हणाल्या. 'पुढे चल.'
एक लाख चार हजार नऊशे शहात्तर. सत्तावीस.
पाचव्या घाताला मला मिळाले चव्वेचाळीस.
कागद न बघता: 'चूक.
नवाच्या पाढ्यात चव्वेचाळीस कुठून आले?
हातचा विसरलास.'

बाई शाळेत गणित शिकवत.
सात डिसेंबरला त्या रजेवर होत्या.
यापुढचं या गावात कुणी कुणाला विचारत नाही.

हातचा धरला. पंचेचाळीस.
सहाव्याला तीन कोटी चाळीस लाख बारा हजार दोनशे चोवीस,
आणि बेरीज पुन्हा अठरा.
पेन गोठलं होतं, तोंडाशी धरून वाफ दिली.
सातव्याला
एकसष्ट कोटी बावीस लाख वीस हजार बत्तीस.
मी कागद पट्टीशेजारी धरला.
एकेक अंक बोटानं जुळवला, शून्यंसुद्धा.

'थांब,' बाई म्हणाल्या.
मग पातेलं उतरवत, जणू शेजारणीबद्दल सांगावं तसं:
'एकशे वीस विभाजक आहेत त्याला.
पण फोडत गेलास तर दोन आणि तीन, बास.
पाच शिरत नाही, सात शिरत नाही.
नऊ अंकी सातव्या घातांत
आपल्याच बेरजेतून उगवलेला हा एकटा.
कारखान्यात कुणाला माहीत? ठोकून दिला पट्टीवर.'

आणि आठव्याला?
'पंचेचाळीस. गेला.'

मार्चमध्ये कंपनीनं नवे मीटर पाठवले,
काचेतले हिरवे आकडे, अंधारातही दिसणारे.
फॉर्मवर जुन्यापुढे 'भंगार' लिहायचं असतं.
मी रकाना मोकळा सोडला.
बाईंनी नव्याचे अंक मनात मिळवले,
'सदतीस,' म्हणाल्या, 'बरं,'
आणि दाराशी स्टूल आणून ठेवलं माझ्यासाठी.
पितळी पट्टीचे तीन स्क्रू निघाले.
चौथ्यावर तेल सोडून
आम्ही दोघं वाट बघत बसलो आहोत.