तळहात

"चक्कर आली," म्हणतात सगळेच.
आमच्या लष्करात एकच शब्द पुरतो
भोवळीला, घेरीला, उपासाला, उन्हाला,
आणि क्षणभर मेलेल्यालाही.

म्हणून मी खोदून खोदून विचारते, फौजदारासारखी:
जग फिरलं, की अंधारी आली?
मळमळ? घाम? कानात शिट्टी?
उभे होतात, की बसलेले?

गॅसच्या रांगेत पडलेली देवयानी, वय एकोणीस,
सगळं सांगते, अगदी चवीनं:
आधी पाय गेले, मग माणसांचे आवाज लांब गेले,
मग समोरची भिंत पिवळी झाली.
तळहात सोललेले, आत वाळूचे कण.
पडता पडता तिनं जमीन अडवली होती.
ईसीजी, मीठ-लिंबाचं पाणी, आणि घरी.

फणसळकर काका झेरॉक्सच्या दुकानात
बाकावर बसले होते, हातात पेन्शनचा कागद.
"मग?"
"मग तुमचा हा पंखा."
मध्ये काहीच नाही.
हनुवटी फुटलेली, चष्म्याची एक काच गेलेली,
आणि तळहात
घासून पालथ्या घातलेल्या ताटांसारखे स्वच्छ.
त्या हातांना पडणं कळलंच नव्हतं.

मुलगा म्हणतो, लू लागली असेल,
ग्वाल्हेरचा मे आहे, मॅडम, कावळेसुद्धा पडतात.
नाडी ठीक. बीपी ठीक. साखर ठीक.
काका म्हणतात, बाहेर रिक्षा थांबलीय, मीटर चालू आहे.
मी म्हणते, रात्रभर राहा.
खाट नाही; स्ट्रेचर आहे. मॉनिटर एकच,
त्याची वायर चिकटपट्टीनं धरून ठेवलेली.
"पण कशासाठी?"
हात खरचटले नाहीत म्हणून,
असं केसपेपरवर लिहिता येत नाही.
मी लिहिते: निरीक्षण.

तीन वाजून वीस मिनिटांनी
हिरवी रेघ आडवी झाली.
एक. दोन. तीन. चार.
पाचव्याला उडी मारून परत आली.
काका घोरतच होते.
मी हृदयरोगाच्या सरांना उठवलं.

उजाडताना, उगाच, देवयानीचा कागद काढला.
सगळं माझ्याच अक्षरात.
फक्त एक रकाना:
घरात कुणी तरुणपणी, अचानक?
रिकामा.
सोललेले हात पाहिले आणि मी पुढे गेले होते.

सहाला फोन लावला. आई म्हणाली, झोपलीय.
म्हटलं, उठवा.
बराच वेळ नुसता कूलरचा आवाज.
मग जांभईसकट, वैतागून:
"काय हो, डॉक्टर?"