तिसरा कोंब

शेंदूरजन्याच्या नर्सरीत डिसेंबरात
जंभेरीची साल सुटते.
बाबा रोपांच्या ओळीत उकिडवे बसतात,
वीतभर उंचीवर चाकूचा उभा-आडवा काप,
ओल्या फडक्यातला संत्र्याचा डोळा
सालीखाली सरकवून
वरून प्लास्टिकची पट्टी.
डोळा तेवढा उघडा.
असे दिवसाला सातशे.

"एकवीस दिवसानं पाह्य.
हिरवा राह्यला तं लागला,
काळा पडला तं गेला."

त्या एकवीस दिवसांत पट्टीखाली काय चालतं
ते मी नववीच्या फळ्यावर काढते:
एक वाटोळं, आत धागे.
धागे आधी दुप्पट होतात, मधोमध रांग धरतात,
मग हाक आल्यासारखे
दोन टोकांना निघून जातात.
मध्ये भिंत.
तलाठ्याला न बोलावता झालेली वाटणी,
आणि दोघांच्याही हाती अख्खा सातबारा.

श्रावस्ती गजभिये हात वर करते,
"पन मॅडम, पेशी फुटतेच कायले?
मोठीच होत राह्यली तं?"
मी सांगते, घर आठपट झालं
तर भिंती होतात चौपटच,
दारंही तेवढीच.
आत बसलेल्याच्या तोंडी घास पोचत नाही.
ती वहीत लिहून घेते.
तिचं समाधान झालेलं नसतं.

माझंही नाही.
बाबांच्या अंगठ्याला चाकू लागतो दर हंगामात,
आठवड्यात भरून येतो,
भरला की तिथली कातडी थांबते.
थांब, असं तिला कोण म्हणतं?
आईच्या छातीतल्या एका पेशीला
ते ऐकू गेलं नव्हतं.
नागपूरला सहा खेपा झाल्या आमच्या.

ज्या झाडाचे डोळे काढायचो
ते डिंक्यानं वाळलं, चुलीत गेलं.
बाबा म्हणतात, "गेलं कुठं?
तिवसाघाटापासून काटोलपर्यंत उभं हाय थे."
खरं आहे. प्रत्येक कलम म्हणजे तेच झाड,
फक्त दुसऱ्याच्या बांधावर.
आईचं तसं नाही.
माझ्यात ती अर्धीच आली,
तीही पत्ते पिसून.
नाक आलं. गाणं नाही आलं.

वाफ्यात जंभेरीची बी रुजते तेव्हा
एकाच बीतून कधी तीन कोंब येतात.
दोन हुबेहूब आईचे,
फुलावर कोण बसून गेलं याच्याशी
त्यांना देणंघेणं नाही.
तिसरा मात्र दोघांचा,
बुटका, पान वाकडं.
बाबा अंगठ्याने चाचपतात
आणि उपटून फेकतात.
"भलतंच निघते हे. गिऱ्हाईक नाई घेत."

असा एक मी उचलला होता,
तेलाच्या डब्यात लावला,
मग न्हाणीमागे, सांडपाण्यावर.
पाच वर्षं झाली.
फूल एकही नाही.
काटे बोटभर.

काल सकाळी बाबा त्याच्यापाशी उभे दिसले,
चाकू हातात, फडकं खांद्यावर.
खोड दाबून बघितलं त्यांनी.
"साल सुटली हाय याची," म्हणाले,
आणि माझ्याकडे पाहत राहिले.
मी दूध उतू जाईल म्हणून
आत गेले.