सहावा बीकर

आयर्विनला एक्केचाळीस फूट.
फिल्टर हाऊसच्या नळातून येते ती कृष्णा नव्हे,
पहाटेच्या टपरीवरचा उकळून उकळून दाट झालेला चहा.
सहा बीकर भरते, मशीनखाली ठेवते.
पॅडल फिरतात.

आई पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची,
मग फडकं उलटं धुऊन
त्यावरचे जीव हलकेच आडात परत सोडायची.
तिला कसं सांगणार, ही माती फडक्याला जुमानत नाही.
इतकी बारीक की खाली बसायचं विसरलेली.
प्रत्येक कणाच्या अंगावर ऋणभार,
भोवती सोडियम-कॅल्शियमचा घोळका,
जवळ दाट, लांब विरळ,
दिव्याभोवतीच्या चिलटांसारखा.
दोन कण जवळ येऊ लागले
की आधी घोळक्याला घोळका लागतो
आणि कण माघारी फिरतात.
आठवडाभर असे तरंगतील,
शेजारी शेजारी, भेट नाही.

शिकलगार आमचे व्हॉल्व्हमन, मिरजेचे.
त्यांचे चुलते तंबोऱ्याची जवारी लावतात,
तारेखाली सुती दोरा सरकवतात
केसभर पुढं, केसभर मागं.
"काय व्हायचं ते टेकतंय तिथंच होतं, मॅडम.
भोपळा नुसता ऐकतो."
एम.एस्सी.च्या दोन वर्षांत
पृष्ठभागाबद्दल इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

तुरटी: वीस, तीस, चाळीस, अठ्ठेचाळीस, साठ, सत्तर.
ॲल्युमिनियम तीन-तीन धनभार घेऊन उतरतं,
कणांचं वाकडेपण मिटवतं,
आणि चौथ्या बीकरमध्ये
भिजल्या चुरमुऱ्यांसारखे पुंजके धरतात,
फुगतात, बसतात.
वर पाणी. त्यातून पलीकडचं घड्याळ दिसतं,
चार वाजून दहा.

सहावा मात्र पुन्हा गढूळ.
जास्त झालं की कण उलटतात,
ऋणाचे धन होतात,
आणि परत तेच, सगळे सारखे, सगळे लांब.

त्या वर्षी पूर ओसरल्यावर
सूर्यवंशी प्लॉटात त्रिशलावहिनीकडे
आम्ही नऊजणी एकदम गेलो होतो.
दोन शिलाई मशीन, अकरा गिऱ्हाइकांचे लग्नाचे ब्लाऊजपीस,
सगळ्यावर बोटभर गाळ.
दोन दिवस ती शांत होती म्हणे.
आम्ही साड्या दिल्या, तांदूळ दिले,
विम्याचं सांगितलं, देवाचं सांगितलं,
रेनकोट अंगावरच ठेवून.
निघालो तेव्हा ती थरथरत होती.
परतताना रिक्षात कुणी बोललं नाही.

प्रत्येक आयन पाणी पांघरून हिंडतो.
मॅग्नेशियम आपलं पांघरूण सोडत नाही,
मातीशी येतो तोही हातभर लांबूनच.
पोटॅशियम ढिला.
पाणी उतरवून ठेवतो, उघडा होतो,
अभ्रकी मातीच्या दोन पापुद्र्यांमधल्या खाचेत
जाऊन बसतो, आणि मग सहसा निघत नाही.
हे मी परीक्षेत लिहिलं होतं, आठ मार्कांना.

दुसऱ्या दिवशी एकटीच गेले.
रेनकोट खिळ्याला अडकवला.
तिनं न बघता एका पीसचं टोक माझ्या हातात दिलं,
दुसरं तिच्या. पिळलं.
सात पाणी बदलली.
जरीच्या वेढ्यात गाळ राहिलाच.
ज्या मुलीचा तो पीस होता
तिनं तसाच शिवून घेतला.
लग्नात मी काठाकडेच बघत होते.

आता बीकर धुते.
तीनदा खंगाळून पालथे घातले तरी
काचेला धरून एक थर राहतोच,
दोन-तीन रेणूंचा, ओळीत उभा.
बाकीचं पाणी त्याच्यावरून
मोकळं, बेफिकीर घसरून जातं.
त्याला ठाऊकही नसतं आपण कशावरून गेलो.

वहीत लिहिते: मात्रा अठ्ठेचाळीस.
शेरा: काही नाही.
शिकलगार दारातून विचारतात, सोडू का?
मी चौथा बीकर अजून एकदा दिव्यासमोर धरते.
सोडा, म्हणते.